येण्याचे कारण

आमची खोली बंद करायचं पत्र आलं तेव्हा माझा पहिला संशय गेला केनी साहेबांवर. का जाऊ नये? आदल्याच आठवड्यात हा माणूस टेप घेऊन खोलीच्या भिंती मोजून गेला होता. मी विचारलं, "काय साहेब, सोफा आणताय की काय?" तर म्हणाले, "नाही हो मथुराबाई, सहज." सहज! निवृत्तीला आलेला हेड क्लार्क सहज म्हणून गुडघ्यावर बसून भिंत मोजतो होय? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

आमची खोली म्हणजे कॉलेजचा समुपदेशन कक्ष. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवरून आत वळलं की आमचं कॉलेज, आणि तळमजल्यावर जिन्याच्या पुढे अगदी शेवटी ही खोली. आत ब्रेंडा मॅडम बसतात. पोरं येऊन त्यांच्याशी बोलतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाच्या घरी रोज भांडणं, कुणाला परीक्षेचं नाव काढलं की ओकारी येते. बाहेर स्टुलावर मी. सहा वर्षं झाली. माझा पगार कॉलेज देतं, मॅडमचा पगार आणि खोलीचा खर्च विद्यापीठाच्या अनुदानातून येतो.

त्या सोमवारी केनी साहेबांनी मला ऑफिसात बोलावून पत्र वाचून दाखवलं. निधी कमी झालाय, जिथे गरज नाही तिथली अनुदानं बंद होणार. आमच्या कक्षाचा लाभ घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या अत्यल्प आहे, सबब मार्चअखेर कक्ष बंद. शुक्रवारी अकरा वाजता समिती येऊन रजिस्टर तपासणार आणि मग शेवटचा निर्णय.

"अत्यल्प?" माझा आवाज चढला. "कोण म्हणतं अत्यल्प? परवा एका दिवसात नऊ जण आले!"

"रजिस्टरात वर्षभरात चौदा सह्या आहेत, बाई." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "रजिस्टर कोणाकडे असतं?"

आता त्या रजिस्टरचं सांगते. माझ्या टेबलावर असतं ते, लांबडं, लाल कापडी पाठीचं. नाव, वर्ग, येण्याचे कारण, सही. आत जाण्याआधी भरायचं असा नियम. पहिल्याच वर्षी राजोडीची एक पोर आली. नाव लिहिलं, वर्ग लिहिला, आणि 'येण्याचे कारण'वर तिचं पेन अडलं. तेवढ्यात मागून तिचा चुलतभाऊ उगवला, बोनाफाईड कुठे मिळतं विचारत. विचारता विचारता मान लांब करून रजिस्टर वाचायला लागला. पोर पेन टाकून पळाली ती परत फिरकली नाही. इथे सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात हो. राजोडीला कुणी शिंकलं तर आमच्या गासला ऐकू येतं.

तेव्हापासून मी रजिस्टरवर माझा डबा ठेवायला लागले. पोरगं आलं की डोळ्यांनी खूण करायची, जा आत. नाव नको, गाव नको. मॅडम महिन्यातून एकदा विचारायच्या, "मथुराताई, सह्या घेताय ना? वर आकडे पाठवावे लागतात." मी म्हणायचे, "हो हो, घेते." त्या चौदा सह्या होत्या ना, त्या चौदाही मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते त्या दहा दिवसांतल्या. हे मी केनी साहेबांना सांगितलं नाही.

चूक मला तिथेच कळली होती, खोटं कशाला बोलू? पण स्वतःची चूक मान्य करण्याआधी दुसऱ्या कुणाची निघते का ते बघून घ्यावं, हा माझा स्वभाव. आणि खरी काळजी होती ती वेगळीच. क्षितिजा म्हणून एक मुलगी आहे, एसवायची. गेल्या वर्षी परीक्षेच्या हॉलबाहेर बेशुद्ध पडली होती. या वर्षी मॅडमनी हाताला धरून बाकापर्यंत नेली तेव्हा कुठे पेपर दिले. पुढचे पेपर एप्रिलात. मार्चला खोली गेली तर त्या पोरीला कोण नेणार? केनी साहेब?

कोण काय लपवतंय ते मला आधी पाहायचं होतं. मंगळवारी मी मॅडमना सरळच विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या निळ्या डायरीत सगळं असतं ना? कोण आलं, कधी आलं? तीच दाखवा की समितीला."

"ती नाही दाखवता येणार," त्या म्हणाल्या. "पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं असतं त्यात."

"अहो, पण खोली चाललीय!"

"माहिती आहे मला." एवढंच. आणि परत खाली मान घालून लिहायला लागल्या.

हे काय बोलणं झालं? नोकरी चाललीय आणि बाई शांत. मी बुधवारी सकाळी लवकर येऊन रजिस्टर उघडलं, हजेरीपटावरून नावं उतरवायला घेतली. सहा नावं झाली, सह्याही वेगवेगळ्या वळणाच्या केल्या, इतकी काही मी वेंधळी नाही. मॅडम आल्या, त्यांनी बघितलं, आणि लाल पेनाने सहाच्या सहा नावांवर काट मारली. वर म्हणतात कशा, "खोटं नाव एक जरी सापडलं ना मथुराताई, तर खरी पोरंही खोटी ठरतील."

आता तुम्हीच सांगा. खोली वाचवायची असती तर असं केलं असतं का कुणी? कुठेतरी पाणी मुरत होतं. मला आठवलं, गेले चार महिने दर गुरुवारी तीनच्या सुमाराला मॅडम मला कुठे ना कुठे पिटाळतात. कधी पोस्टात, कधी लायब्ररीत, कधी नुसतंच "जा, चहा घेऊन या, सावकाश या." परत यावं तर मागच्या दाराची कडी उघडी. हे मागचं दार सायकल स्टँडकडे उघडतं, तिकडून कधी कुणी येत नाही. आणि टेबलावर दोन पेले. म्हणजे मॅडमचं खासगी काहीतरी चाललं होतं. इथल्याच खुर्चीत बसून बाहेरची गिऱ्हाइकं तपासतात, आणि खोली बंद झाली की स्टेशनजवळ गाळा घेऊन पाटी लावणार. तसं असेल तर मॅडमना खोली बंद झालेलीच बरी! सगळं कसं जुळत गेलं.

घरी आल्यावर मी हे सगळं जेवताना सांगितलं. आमच्याकडे जेवताना मी बोलते आणि आमचे हे हसतात, अशीच वाटणी आहे. यांचं नाव विलास. गासला आमची वाडी आहे, मोगरा, सोनचाफा आणि राजेळी केळी. दिवसभर झाडांशी बोलणारा माणूस, त्याला माझ्या कॉलेजच्या गोष्टी म्हणजे सिनेमा. आणि मी सांगतेही तशाच, नकला करून. एक सहा फुटी पहिलवान आला आणि आत जाऊन कसा मुसमुसून रडला. एकीने पेपर कोरा दिला आणि घरी सांगितलं सोपा गेला. नाव मात्र कुणाचं घेणार नाही. त्या बाबतीत आपलं तोंड म्हणजे कुलूप. आमची ज्ञानदा, म्हणजे लेक, ती याच कॉलेजात एसवायला आहे, केमिस्ट्री, त्या क्षितिजाच्याच वर्गात. तिला या गोष्टी आवडत नाहीत. मागे एकदा ती कोऱ्या पेपरची गोष्ट ऐकून म्हणाली होती, "यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "अगं, नाव कुठे घेतलं मी?" तर ताट उचलून गेली. अभ्यासू आहे, तिला गप्पा सोसत नाहीत. कॉलेजातही मला ओळख दाखवत नाही. पहिल्या दिवशीच तिने ठरवून टाकलं होतं, तिथे मी आई नाही आणि ती लेक नाही. मी म्हटलं, राहिलं. वयच तसं असतं.

गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "मथुराताई, या कागदांच्या प्रती काढून आणा. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून."

"आपल्या ऑफिसात मशीन आहे की."

"तिथे गर्दी आहे."

मी कागद घेतले, "बरं" म्हटलं, आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिले. मला काय कुक्कुलं बाळ समजतात? पंधरा मिनिटं कशीबशी काढली. मग गेले आणि दार ढकललं. उशीर झाला होता. मागचं दार अर्धवट उघडं, दोन पेले टेबलावर, मॅडम एकट्याच. आणि पेल्यांच्या शेजारी एक पुडा.

तो पुडा मी शंभरात ओळखला असता. आमच्या वाडीतल्या राजेळीची सुकेळी मी दरवर्षी करते. सोललेली केळी सात-आठ दिवस उन्हात वाळवायची आणि वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून बांधायची. बाकीचे सोपाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोऱ्याने बांधतात. मी लाल लोकरीने बांधते, ज्ञानदाच्या लहानपणच्या स्वेटरची उसवलेली लोकर, अजून डबाभर आहे. तीच लाल लोकर, माझीच गाठ. माझ्या फडताळातून महिनाभर पुडे कमी होत होते आणि मी यांना बोलत होते की पत्ते कुटणाऱ्या मित्रांना वाटता म्हणून.

"मॅडम, हे कुठून आलं?"

मॅडमनी पुड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा पडला त्यांचा. "मला सांगता नाही येणार, मथुराताई."

"कोण आलं होतं?"

"ते तर मुळीच नाही सांगता येणार. तुम्ही बाहेर बसा प्लीज."

माझ्या डोक्यात सणक गेली. गुरुवारी दुपारी माणिकपुरात माझ्या घरचं कोण असतं? आमचे हे! गुरुवारी हेच फुलांची करंडी घेऊन इथल्या हारवाल्याकडे येतात, तीनच्या सुमाराला. ज्ञानदा असते प्रॅक्टिकलला, तिने स्वतः सांगितलंय, तीन ते पाच. म्हणजे उरलं कोण? माझा नवरा मागच्या दाराने येऊन माझ्याच मॅडमना माझीच सुकेळी खाऊ घालतो आणि मी बाहेर स्टुलावर!

संध्याकाळी घरी पाय ठेवला तो बोलतच. "किती दिवस चाललंय हे?"

हे फुलं निवडत होते. "काय ग?"

"ब्रेंडा मॅडमकडे कशाला जाता? माझ्या तक्रारी सांगायला? का आणखी काही? सुकेळीचा पुडा बघितला मी आज तिच्या टेबलावर, लाल लोकरीचा!"

हे आधी हसले. मग मी हसत नाही असं बघून हातातली फुलं खाली ठेवली. मग म्हणाले, "मथुरा, मी त्या बाईंना आजवर बघितलेलंसुद्धा नाही. आणि समज, गेलो असतो कुणाशी बोलायला, तर तुला सांगितलं असतं असं वाटतं तुला? दुसऱ्या दिवशी तू माझीच नक्कल करून दाखवली असतीस."

"कुणापुढे करणार? तुम्ही तर इथेच असता!"

"ज्ञानदापुढे," ते म्हणाले.

ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. मी म्हटलं, "तू जा आत, मोठ्यांचं बोलणं आहे." ती गेली. जेवायला आली नाही. मीही विचारलं नाही. रागात मला दुसऱ्या कुणाची भूक दिसत नाही, हे माझं वाईट आहे.

शुक्रवारी साडेआठलाच कॉलेजात पोचले. रजिस्टरवरचा डबा उचलला, रजिस्टर उघडून ठेवलं. चौदा सह्या, त्यानंतर लाल काट मारलेली सहा नावं, आणि पुढे कोरी पानं. मी ठरवलं होतं, समिती आली की सगळं केनी साहेबांवर आणि मॅडमवर ढकलायचं. भिंत मोजली, मागचं दार उघडं ठेवलं, सांगायचं एकेक.

नऊ वाजता पोरं यायला लागली. पण खोलीकडे नाही, भिंतीला टेकून उभी राहिली, दहा-बाराजणं, पहिलवान होता, क्षितिजाही होती. आपसात कुजबुजायची, माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजत होतं. मी क्षितिजाला हाक मारली. "काय गं, कशाला जमलाय?"

"मावशी, तुम्हाला नाही माहीत?" ती चमकलीच. "कॉलेजच्या ग्रुपवरचा कालचा मेसेज?"

"मला कोण मेसेज पाठवणार?"

तिने घाबरत घाबरत मोबाईल पुढे केला. मी चष्मा लावला. 'मी ज्ञानदा, एसवाय केमिस्ट्री. चार महिने झाले, दर गुरुवारी ब्रेंडा मॅडमकडे जाते. खोली बंद होतेय कारण रजिस्टरमध्ये आपली नावं नाहीत. उद्या सकाळी मी माझं नाव लिहिणार आहे. यायचं असेल त्यांनी या.' खाली दोनशेच्या वर लोकांनी वाचल्याची खूण. दोनशे जणांना रात्रीच कळलं होतं. मी तिच्या शेजारच्या खोलीत झोपले होते.

मी परत एकदा वाचलं. दुसरी कोणी ज्ञानदा असेल, असंही क्षणभर वाटून गेलं, इतकी मी मूर्ख. गुरुवारी त्यांच्या वर्गाला प्रॅक्टिकल नसतंच, हे मला क्षितिजानेच तिथे सांगितलं.

मग ती आली. मागच्या दाराने नाही, पुढून, सगळ्यांच्या समोरून. डोळे सुजलेले होते, पण ताठ चालत होती. माझ्या टेबलापाशी थांबली आणि अख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, रजिस्टर दे."

दोन वर्षांत कॉलेजात पहिल्यांदा आई म्हणाली. रजिस्टर समोर उघडंच होतं, तरी मी ते तिच्याकडे सरकवलं. मला म्हणायचं होतं, नको लिहू गं, मागून कुणीतरी वाचेल, जा तशीच आत. सहा वर्षं प्रत्येकाला हेच म्हटलं होतं. पण मी पेन तिच्यापुढे ठेवलं.

तिने नाव लिहिलं. वर्ग लिहिला. 'येण्याचे कारण' या रकान्यात तिचं पेन अडलं नाही. मला उलटं वाचायची सवय आहे, टेबलापलीकडून सहा वर्षं वाचतेय. तिने लिहिलं होतं, 'घरी सांगता येत नाही.' खाली सही केली, पेन नीट टोपण लावून ठेवलं आणि आत गेली.

ती पेपर कोरा देऊन आलेली, मी जिची नक्कल केली होती, ती क्षितिजा होती. त्या दिवशी ज्ञानदाने ताट का उचललं होतं, ते मला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या उमजलं. तिनेही कोरे पेपर दिले असतील का? किती? आणि घरी येऊन मला काय सांगितलं होतं तिने? मला आठवेना. मी तेव्हा दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत असणार.

मग क्षितिजा पुढे आली. तिने नाव लिहिलं आणि कारणाखाली ज्ञानदाच्या ओळीकडे बघून लिहिलं, 'वरीलप्रमाणे.' तिच्यामागे पहिलवान. वरीलप्रमाणे. मग एक चष्मेवाली, मग दोघं भाऊ, मग मी कधीच न बघितलेली एक मुलगी. बाहेरून आणखी पोरं येत होती. रांग जिन्याशी वळून ऑफिसापर्यंत गेली आणि केनी साहेब बाहेर येऊन बघत उभे राहिले. मी कुणाला खूण केली नाही, कुणाशी बोलले नाही. पान संपलं की फक्त उलटत होते.

मुदतवाढ मिळाली ती सहाच महिन्यांची, आणि ते पत्रही एप्रिलात आलं, क्षितिजाचा पहिला पेपर झाल्यावर. खोलीत ऑफिसच्या जुन्या फायली ठेवायचा बेत सोडून केनी साहेबांनी टेप कपाटात ठेवली, एवढं खरं. पण ते सगळं नंतरचं.

त्या शुक्रवारी अकराला समिती आली. दोन बायका आणि एक साहेब. साहेबांनी उभ्या उभ्याच रजिस्टर चाळलं. नावं मोजली. मग कारणाच्या रकान्यावरून बोट खाली आणत गेले, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, आणि बोट परत वर नेऊन पहिल्या ओळीवर ठेवलं.

"सगळ्यांचं कारण एकच?" ते माझ्याकडे वळले. आवाजात संशय होता, माझा असतो तसाच. "बाई, तुम्ही दाराशी बसता. नक्की कशासाठी येतात ही मुलं?"

सहा वर्षांच्या गोष्टी होत्या माझ्याकडे. आतून मॅडमचा आवाज येत होता, हळू, आणि मध्येच ज्ञानदाचा. काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं. मी उठले आणि दार घट्ट ओढून घेतलं.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हटलं. "ते पहिलं नाव माझ्या मुलीचं आहे. तरी मला माहीत नाही."